तुम्हाला फक्त सात!

आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कुणाचं भांडण जुंपलं, की बिन्यामिनकाका खुशीत चपला घालायचे. "आधी पंच नेमा! तुमचा नियमच आहे तो!" असं ओरडत जिना उतरायचे.

काका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मनमाडला रेल्वेत नोकरी करून नव्वदच्या सुमारास आमच्या शेजारी राहायला आले. देवाने ज्यूंना सहाशे तेरा नियम दिले आणि उरलेल्या जगाला फक्त सात, हे त्यांनी कॉलनीत प्रत्येकाला ऐकवलं होतं. खून नको, चोरी नको, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा नको, देवाची निंदा नको, जिवंत जनावराचा तुकडा तोडून खाणं नको, गावात न्यायनिवाडा हवा. "एवढी सूट मिळूनही तुम्ही एकमेकांच्या बादल्या ढापता?"

"काका, हे सहाच झाले," मी एकदा म्हटलं.

सातवा मूर्तिपूजेचा होता. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो तुमचा आणि देवाचा मामला. मी कशाला मध्ये पडू?"

गणपतीची वर्गणी मात्र चोख द्यायचे, तीही दम भरून. "हे मांडवासाठी आहे. मूर्तीला यातला एक पैसा लावाल तर याद राखा!" मंडळाच्या पोरांनी मग त्यांच्या वर्गणीतून दरवर्षी फक्त दोरखंड आणायचा, असं ठरूनच गेलं.

त्यांच्या बायकोला, साराकाकूंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. त्यासाठी काका मुंबईला निघाले होते, पण ऐन वेळी गुडघा सुजला आणि जिनाही उतरवेना.

माझे वडील म्हणाले, "एवढंच ना? आम्ही येतो दहा जण."

"अहो, तुम्ही नाही चालत. ज्यूच लागतात," काका अगदी हळू म्हणाले.

तरीही संध्याकाळी वडिलांनी माणसं गोळा केली. ज्यूंच्या प्रार्थनेत डोकं झाकतात, म्हणून डोक्याला रुमाल बांधून सगळे काकांच्या दारात उभे राहिले. जोशींना रुमाल सापडला नाही, म्हणून ते मफलर गुंडाळून आले होते.

काकांनी दार उघडलं आणि एकेकाकडे पाहिलं. आता सगळ्यांना झाडणार, असं मला वाटलं.

"ती प्रार्थना तुमच्यासोबत नाही म्हणता येत मला," ते म्हणाले. कुणी जागचं हललं नाही.

"नियमातले दहा जण मुंबईत आहेत," काका म्हणाले. "पण साराला ओळखणारे तुम्हीच. आत या."