‘शे’ ऐकू येणारा स्पीकर

जळगावातल्या एकाही स्पीकरवाल्याला नाना दुकानात नको असतात. दुकानदार कौतुकाने मोठा स्पीकर लावतो, गाणं सोडतो, काचा थरथरतात. नाना म्हणतात, “शेठ, ही धमधम बंद करा. माणूस बोलताना ऐकवा.” मग स्वतःचा मोबाइल त्या स्पीकरला जोडून घरी बायकोला, म्हणजे अक्कांना, फोन लावतात. “बोल.”

“काय बोलू? भाजी जळी ऱ्हायनी शे!” अक्का भर दुकानात कडाडतात.

नाना डोळे मिटून त्यातला फक्त ‘शे’ ऐकतात. आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, त्यामुळे तो वाक्यावाक्याला येतो. “शेचा से ऐकू आला. हा नको,” असा निकाल देऊन नाना बाहेर पडतात. भाजीची चौकशी नाही!

जळगावातल्याच मेहरूण भागात मी त्यांची भाडेकरू. वर मी, खाली नाना, अक्का आणि रेडिओ. नाना हॅम आहेत, म्हणजे परवाना काढून घरच्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलणारे हौशी. चोपड्याला केळीच्या बागेत राहणारे माझे वडील, आबा, हेही हॅम. दोघांची मैत्री जुनी, म्हणून तर नोकरीसाठी आले तेव्हा मला ही खोली मिळाली.

आबांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, जीभ जड राहिली. फोनवर जो तो “आँ? काय?” करायला लागला, तेव्हा त्यांनी फोन सोडला. एकदा रेडिओवर आले. नानाही “परत सांगा” म्हणाले, आणि आबांनी सेट बंद केला तो केलाच. बोलायचंच सोडलं त्यांनी.

नानांनी सगळा दोष स्वतःच्या स्पीकरला दिला आणि घराची प्रयोगशाळा केली. मटक्यात स्पीकर बसवला, तर बोलणारा विहिरीत पडल्यासारखा वाटे. अक्कांच्या पिठाच्या डब्यात बसवला, तर डबाच जास्त बोले. शेवटी जुन्या टीव्हीतला तळहाताएवढा स्पीकर लाकडी खोक्यात ठोकला. आवाज घुमू नये म्हणून खोक्यात कापूस हवा. तो अक्कांच्या उशीतून आला.

“अहो, माझी मान!” अक्का.

“मान राहू दे. शे ऐक, शे! कसा सुटा येतोय!”

मी पोट धरून हसले. पण रोज सकाळी हाच माणूस सेटपुढे बसून हाक मारायचा, “आबा, मी ऐकी ऱ्हायनू.” पलीकडून नुसती खरखर. नाना थोडं थांबून पुन्हा तेच, ऐकतोय म्हणून, सांगायचे. कंटाळा कसा येत नसे, देव जाणे.

एका रविवारी मी खाली चहा घेत होते आणि खरखरीतून आबा आले. शब्द एकमेकांत अडकलेले. मला, त्यांच्या पोटच्या पोरीला, जेमतेम अर्धं कळलं. मध्येच ते इतका वेळ थांबले की मला वाटलं, संपलं. मी माइककडे बोट दाखवलं. नानांनी ‘नाही’ अशी मान हलवली. एरवी अक्कांचं एक वाक्य पुरं होऊ न देणारे नाना हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. बऱ्याच वेळाने आबा पुन्हा बोलले, आणि मग जड जिभेने म्हणाले, “ओव्हर,” म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला.

नानांचे मी उपकार मानते, ते त्या गप्प बसण्याबद्दल. आजन्म मानेन.

मग त्यांनी माइक उचलला. हॅम लोकांची रीतच आहे, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे समोरच्याला पोचल्याची खात्री पटते.

“आबा, बठ्ठं, सगळं ऐकू आलं. बागेत पाणी सोडलं, समजलं. डाव्या हाताने चहा घेता येतो, समजलं. पोरीची फार आठवण येते, पण तिला सांगू नका म्हणालात…”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदरात तोंड खुपसलं होतं.

“नाही सांगत, आबा. ओव्हर.”