मातीचा डोंगर आणि बुवांचं कीर्तन

"भट्टी पेटवू काय नको, तां तुमीच सांगा मास्तरानु," काजूच्या कारखान्याचा गंगाराम म्हणाला. "बंद ठेवलंय तर चाळीस बायका घराक बसतत."

लवू मास्तरांनी डोंगरातल्या खिंडीकडे पाहिलं. डोंगराच्या अलीकडे देऊळ, पलीकडे भट्टी. गेल्या वर्षी दिवेलागणीला वारा फिरला, काजूच्या टरफलांचा झोंबरा धूर देवळात उतरला आणि कीर्तनकार बुवा ऐन पूर्वरंगात खोकत खोकत गाव सोडून गेले ते गेलेच. यंदा कुणकेश्वराहून नवे बुवा आले होते. हेही गेले, तर गावाचं कीर्तन कायमचं तुटलं!

मास्तरांनी विज्ञानाला साकडं घातलं. गणपती घडवणाऱ्या बाबलीकडून मातीचा हुबेहूब डोंगर करवून घेतला, खिंडीसकट. भट्टीच्या जागी उदबत्ती लावली. आता सुपाने वारा घालायचा आणि धूर कुठे जातो ते बघायचं. सूप आणायला ते आत गेले. येऊन बघतात तो डोंगराला हळदकुंकू, माथ्यावर जास्वंद आणि खिंडीत नारळ.

"सुशीला, ह्या काय केलंस गो?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"डोंगर आसा, उदबत्ती आसा. पाया पडाचा नाय?"

"पण नारळ खिंडीत कित्याक?"

"दुसरीकडे गडगडता मेलो!"

वाहिलेला नारळ उचलायला मास्तरांचा हात धजेना. एवढ्याशा खिंडीने काय होतंय, असं म्हणत त्यांनी वारा घातला. धूर डोंगराला आपटला, उंच चढला आणि थेट समुद्रावर गेला.

"पेटय रे गंगाराम!"

तरीही मास्तरांनी गावाला दम भरला होताच. "काय वाटेल तां होवंदे, कोणी खोकाचा नाय."

सांजेला बुवांनी आई-लेकराच्या ताटातुटीचं आख्यान लावलं आणि वारा फिरला. खऱ्या खिंडीत नारळ कुठला? धूर तिथूनच घुसला आणि गार हवेने खाली दबून, बसलेल्यांच्या डोक्याइतकाच उंच पसरला. उंच चौथऱ्यावरच्या बुवांना त्याचा वासही नव्हता. खाली मात्र कोणी पदर तोंडात कोंबला, कोणी टोपी. डोळ्यांना धारा, खांदे गदगदा हलतायत, पण हूं की चूं नाही.

बुवा थांबले. चिपळ्या थांबल्या. मास्तरांनी डोळे मिटून देवाचा धावा केला.

"तीस वर्षं कीर्तन करतोय," बुवांनी हात जोडले, "पण असा हळवा गाव पाहिला नाही. पुढच्या वर्षी सात दिवस इथेच!"

मास्तरांना खोटं सोसवेना. ते उठले. "बुवा, तो धू... धू..." पुढे नुसतीच उचकी.

"बोलू नका मास्तर, कळलं मला!" म्हणत बुवा दोन पायऱ्या उतरून धुरात आले आणि मास्तरांना कडकडून मिठी मारली. एक श्वास, दुसरा श्वास. बुवांच्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या.

"बघा," ते उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "शेवटी मलाही रडवलंत की हो!"