आधी एकाहत्तर, नंतर अठ्ठावन्न

मोजता येत नाही अशी गोष्ट या जगात नाही, असं माझं ठाम मत होतं. 'होतं' हा भूतकाळ मी मुद्दाम वापरलाय!

मी एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतो. विषय 'वाटाघाटी'. म्हणजे न भांडता, न रडता, समोरच्याशी गोड बोलून आपल्याला हवं ते पदरात कसं पाडून घ्यावं, याचं शास्त्र. वर्गात सगळे पदवीधर, त्यातले निम्मे चार-पाच वर्षं नोकरी करून आलेले. चौदा वर्षं मी हा विषय शिकवतोय. घरी पंख्याचा वेगसुद्धा बायको ठरवते, पण तो भाग अभ्यासक्रमात नाही.

तर एके दिवशी संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे संचालक म्हणजे देवमाणूस. घाबरले की चष्मा काढून पुसतात. त्या दिवशी ते काच झिजेल इतका पुसत होते.

"समिती येतेय," ते म्हणाले.

"दर पाच वर्षांनी मान्यता द्यायला येते तीच ना? मग त्यात काय! खुर्च्या मोजतील, चहा पितील आणि जातील."

"या वेळी खुर्च्या मोजणार नाहीत. मुलं काय शिकली ते बघणार आहेत."

"अरे बाप रे!"

"मीही हेच म्हणालो."

त्यांनी एक जाडजूड परिपत्रक पुढे सरकवलं. त्यात एकच शब्द ठायी ठायी पेरलेला होता: 'अध्ययन निष्पत्ती'. शब्द दाताखाली खडा यावा तसा, पण अर्थ सोपा. विषय संपल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता आलं पाहिजे ते आधी लिहून ठेवायचं, आणि ते आलं की नाही हे शेवटी पुराव्यानिशी दाखवायचं.

"आणि ज्या विषयाला ते दाखवता येणार नाही?" मी विचारलं.

"तो पुढच्या वर्षीपासून बंद. तुमच्यासाठी 'कार्यालयीन पत्रव्यवहार' रिकामा आहे म्हणा."

मी छाती फुगवली. "सर, तुम्ही निर्धास्त राहा! सगळं माझ्यावर सोपवा!"

ते लगेच म्हणाले, "सोपवलं." आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. केबिनबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की समोरच्याने काही मागायच्या आतच मी सगळं देऊन मोकळा झालो होतो.

असो. माझी योजना एकदम फक्कड होती. पहिल्या दिवशी पंचवीस प्रश्नांची चाचणी घ्यायची. सत्र संपत आलं की तीच चाचणी पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे शिक्षण! बाळाचं वजन आधी, बाळाचं वजन नंतर. यात चुकायला जागाच कुठे आहे?

पहिल्या चाचणीची सरासरी आली शंभरात एकाहत्तर. म्हटलं, वा, बॅच हुशार आहे! मग चार महिने मी असं शिकवलं की विचारू नका. वाटाघाटीत उंचीचा कसा परिणाम होतो हे दाखवायला एकदा टेबलावर चढलो. उतरताना दोन मुलांनी हात दिला, तो भाग वेगळा.

सत्र संपत आल्यावर तीच चाचणी घेतली. मी प्रामाणिक माणूस. वर्गाला सांगितलं, "हे बघा, याला मार्क नाहीत. अगदी निवांत लिहा!"

त्यांनी इतकं निवांत लिहिलं की सातव्या मिनिटाला वर्गात मी आणि फळा असे दोघंच उरलो.

सरासरी आली अठ्ठावन्न.

मी तीनदा बेरीज केली. अठ्ठावन्न! म्हणजे चार महिने घसा कोरडा करून मी तेरा मार्कांचं ज्ञान त्यांच्या डोक्यातून बाहेर काढलं होतं. एकाने खुणांच्या चोवीसही प्रश्नांना 'क' वर खूण केली होती. एकीने खुणांचा सुरेख जिना काढला होता. आणि 'आपल्या सूचना' या रकान्यात एकाने लिहिलं होतं, 'सर, भूक लागली आहे.'

घरी तोंड पाडून बसलो. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि संध्याकाळी माझ्याकडे वळते.

"काय झालं हो? चेहरा का असा?"

मी तिला दोन्ही आकडे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे लोक लंगडत येतात आणि चालत जातात. तुमच्याकडे चालत येतात आणि..."

"पुरे!"

"नाही, मी म्हटलं, वाक्य पूर्ण करावं."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात गेलो. तिथल्या हेडक्लार्कना म्हटलं, "चाचणी पुन्हा घेतो. फक्त या वेळी थोडे मार्क देऊ या."

"ठराव लागेल."

"मग करू या ना ठराव."

"मंडळाची बैठक लागेल."

"कधी आहे बैठक?"

"तीन महिन्यांनी." समिती येणार होती आठ दिवसांनी!

म्हणजे मार्कांचं आमिष गेलं. मग मी वर्गात जाऊन खर्जातल्या आवाजात म्हणालो, "परवा पुन्हा तीच चाचणी आहे. ती अतिशय महत्त्वाची आहे. का, ते विचारू नका."

बस्स! एवढंच बोललो हो मी! वाक्य वर्गातून निघालं तेव्हा 'महत्त्वाची' होतं. जिन्यात त्याचं 'यात नापास तो विषयात नापास' झालं. कँटीनमध्ये पोचेपर्यंत 'पदवीच अडकणार' अशी बातमी तयार होती. दुपारी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, "सर, आमच्या मुलीची पदवी कोणत्या कलमाखाली रोखलीत?" त्यांना कसंबसं समजावतोय तोच दुसरा फोन. एका विद्यार्थ्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा!

"माफ करा हं सर, घाई नाही. पण पत्रिका छापायला टाकायच्यात. जावयाच्या नावापुढे पदवी छापायची की नाही, तेवढं सांगा!"

चाचणी झाली. सरासरी आली शंभर.

बासष्ट मुलं, बासष्टांना शंभर. मी आनंदाने उठून उभा राहिलो आणि मग खाली बसलो. कारण शेवटचा प्रश्न व्याख्या लिहिण्याचा होता, आणि बासष्टही जणांनी 'वाटाघाटी' हा शब्द 'वाटघाटी' असा लिहिला होता. उत्तरं आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली होती. तिघांनी तर मूळ कागदावरचा हजेरी क्रमांकसुद्धा जसाच्या तसा उतरवला होता!

एकाहत्तर, अठ्ठावन्न, शंभर. संचालकांनी आलेख उभा धरला, आडवा धरला. "हा आलेख आहे की अतिदक्षता विभागातला कागद?" आणि चष्मा काढला.

गुरुवारी समिती आली. अध्यक्षबाई साठीच्या, लहानखुऱ्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात पेन्सिल. सोबत दोन सदस्य होते, पण ते फक्त मान डोलवायला असावेत. बाईंनी आलेखाच्या खड्ड्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं. "इथे काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर मी तीन दिवस पाठ केलं होतं. "त्याचं काय आहे मॅडम, शिकलेलं आत मुरायला जरा वेळ लागतो. म्हणून मध्यंतरी किंचित घट..."

"लोणचं मुरायला ठेवतात हे ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "कागद राहू द्या. तुमची निष्पत्ती वाचून दाखवता?"

मी वाचली. "विद्यार्थी समोरच्या पक्षाशी शांतपणे व माहितीच्या आधारे बोलून, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा करार करू शकेल."

"छान. मग चला वर्गात. करून दाखवू दे."

झालं! वर्गात मी घाईघाईने एक प्रसंग रचला. एक छापखानेवाला, एक कागदवाला, दर ठरवायचा. "कोण येतंय पुढे?"

वकीलसाहेब उभी राहिली. ही आमच्या वर्गाची प्रतिनिधी. पाच वर्षं विमा कार्यालयात लोकांच्या तक्रारी निस्तरून आलेली. आवाज कधी चढत नाही आणि मुद्दा कधी सुटत नाही, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. हळूहळू आम्ही शिक्षकही तेच म्हणू लागलो होतो.

"सर, खोटा छापखाना कशाला?" ती म्हणाली. "आपलं खरं काम अडकलंय ना? प्रकल्प अहवालाची पानं किती आणि तारीख कोणती, ते. तेच मिटवू या."

"ते नंतर बघू हं," मी म्हणालो.

"उत्तम कल्पना!" अध्यक्षबाई म्हणाल्या आणि चक्क पहिल्या बाकावर बसल्या. मी आशेने संचालकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

वकीलसाहेब माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "सर, आधी तुमचं ऐकू या. तुम्हाला काय हवंय?"

"मला चांगले अहवाल हवेत. चाळीस पानी. येत्या सोमवारी."

"चाळीस पानं का?"

"म्हणजे अभ्यास सखोल होतो."

"गेल्या वर्षीचे अहवाल वाचनालयात आहेत सर. आम्ही सगळे पाहिले. तुमच्या लाल खुणा सरासरी नवव्या पानावर थांबतात."

वर्ग हसला. मान डोलावणारे सदस्यसुद्धा हसले. माझे कान तापले.

"पंधरा पानं चालतील?" तिने विचारलं.

"बारासुद्धा चालतील!" मी म्हणालो.

हे का म्हणालो, देव जाणे! ती पंधरावर तयार होती हो! मागच्या बाकावरून कुणीतरी "अरेरे सर!" म्हटलं. त्यात खराखुरा कळवळा होता. अध्यक्षबाईंची पेन्सिल चालू लागली.

"आणि तारीख?" तिने विचारलं, आणि गप्प बसली.

आता हे तिला मीच शिकवलं होतं. प्रश्न विचारा आणि गप्प बसा, समोरचा शांततेला घाबरून आपोआप देत सुटतो. मला सगळं माहीत होतं! मी मनात म्हटलं, तोंड उघडायचं नाही. आणि तोंड उघडलं.

"बरं, सोमवारऐवजी बुधवार."

ती गप्प.

"शुक्रवार म्हणतेस का?"

ती नुसती माझ्याकडे बघत होती. ते बघणंही कसं? आजारी माणसाची विचारपूस केल्यासारखं!

"पुढच्या महिन्यातला शुक्रवार!" मी ओरडलो.

"चालेल सर," ती म्हणाली. "आता आमच्याकडून तुम्हाला काय मिळेल ते सांगते. पानं बारा, पण प्रत्येक अहवालात पाच खऱ्या दुकानदारांशी समोरासमोर बसून केलेलं बोलणं असेल. कुठूनही उतरवलेली एक ओळ नाही." मग ती जराशी थांबली आणि अध्यक्षबाईंकडे वळली. "आणि मॅडम, त्या आलेखातले शंभर खरे नाहीत. अठ्ठावन्नही खरे नाहीत. अठ्ठावन्नच्या वेळी आम्ही भुकेले होतो आणि शंभरच्या वेळी घाबरलेले. सरांनी चार महिने मनापासून शिकवलंय. त्यांचा विषय आमच्यामुळे बंद पडू नये. नवी चाचणी घ्या. खुणा करण्याची नको, अशी समोर बसून बोलण्याची. आणि तिला मार्क द्या."

विषय बंद होऊ शकतो हे मी मुलांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं होतं. मी उगाच खोकलो.

"पण मार्कांना मंडळाचा ठराव लागतो," संचालक कोपऱ्यातून म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. "सर, मंडळाची बैठक बोलावायचा अधिकार कुणाला आहे?"

"मला."

ती गप्प बसली. मी संचालकांना डोळ्यांनी खुणावत होतो, बोलू नका, बोलू नका! पण त्यांनी माझा विषय शिकलेला नव्हता. मी शिकवत होतो तरी माझं काय झालं म्हणा!

"उद्या अकराला बोलावतो," ते म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत करार कागदावर आला. मी सही केली, संचालकांनी केली, साक्षीदार म्हणून अध्यक्षबाईंनी पेन्सिलीने केली. त्यात वाचनालय रविवारीही उघडं ठेवायचं असं एक कलम आहे. ते कधी आणि कुठून घुसलं, याचा आम्हा दोघांनाही पत्ता नाही.

तीन आठवड्यांनी समितीचा अहवाल आला. माझ्या विषयासमोर चार ओळी होत्या. 'निष्पत्ती पूर्णपणे साध्य. पुरावा म्हणून विद्यार्थी व अध्यापक यांच्यातील करार सोबत जोडला आहे. विषय सुरू ठेवावा. संबंधित अध्यापकांनाही तो शिकण्याची संधी द्यावी.'

आम्ही सगळे त्या शेवटच्या ओळीवर पोट धरून हसलो. संचालक मात्र हसले नाहीत. समितीचं प्रत्येक वाक्य त्यांना आज्ञेसारखं वाटतं. निकाल लागताच त्यांनी वकीलसाहेबांना पाहुण्या अध्यापिका म्हणून बोलावून घेतलं. आता दर मंगळवारी त्या शिकवतात आणि मी वही घेऊन हजर असतो.

पहिल्या तासाला मी म्हटलं, "हे बघा मॅडम, माझं वय, माझी नोकरी यांचा विचार करता मला शेवटचा बाक द्या, म्हणजे मुलांसमोर बरं दिसेल." त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

मी पहिल्या बाकावर बसतो. आणि तास संपल्यावर फळाही मीच पुसतो.