ओल नसलेली भिंत

"बाबा, तुमच्या मागच्या भिंतीला ओल आलीय."

संगणकाच्या पडद्यावरून मुलीने हे सांगितले, तेव्हा निवृत्त ग्रंथपालांनी आधी स्वतःचीच पाठ चाचपली. मग भिंत. ती कोरडी ठणठणीत होती.

"अगं, काही नाही."

"मला पट्टे दिसताहेत ना! दिव्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकाखाली एक. दम्याच्या माणसाने ओलीत राहायचं नसतं. हे गेलं नाही, तर सामान बांधायचं आणि दोघांनी कायमचं इकडे यायचं. खोली तयार आहे."

खोली चांगलीच असणार, जावईही सोन्यासारखा होता. पण दुसऱ्याच्या घरी पाणी मागायलाही संकोचणारा हा माणूस. तिथे उरलेला जन्म काढायचा या विचारानेच त्यांना धाप लागली. दुसऱ्या दिवशी रंगारी हजर झाला.

"काका, ओल कुठंय?"

"मुलीला दिसते."

"ताई कुठे असतात?"

"विमानाने जावं लागतं."

रंगाऱ्याने भिंतीकडे पाहिले, मग काकांकडे. "नजर चांगलीय ताईंची," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्याने भिंत खरवडली, घासली, रंगवली आणि इतकी गुळगुळीत केली, की माशी बसली तर घसरावी.

संध्याकाळी मुलगी पडद्यावर आली आणि किंचाळली, "बाबा, वाढली!"

ग्रंथपालांचा आता स्वतःच्या तळहातावरचाही विश्वास उडाला. मुलगी हुशार, आपण वेंधळे. चूक आपलीच असणार. नळवाल्याने येऊन न्हाणीघराची बाजू फोडली. आत नळ कोरडा, भिंत कोरडी. त्याने भोक बुजवून वेगळ्याच रंगाची फरशी बसवली आणि तो निघून गेला. त्यानंतर बायकोला नवरा भिंतीला चिकटलेला सापडला.

"अहो, हे काय?"

"आत पाणी वाजतंय का ते ऐकतोय."

"भिंतीला स्वतःचे कान असतात म्हणे. तुमचे काढून घ्या."

तीच खालच्या मजल्यावर गेली आणि लग्नांचे शूटिंग करणाऱ्याला घेऊन आली. त्याने संगणकावरचे चित्र पाहिले आणि तो हसत सुटला.

"काकू, भिंतीला काही झालेलं नाही. हा कॅमेराच गरीब आहे, आठ बिटचा. दिव्याचा उजेड कोपऱ्याकडे हळूहळू कमी होतो, पण तेवढ्या छटा याच्याकडे कुठायत? उतार असेल तिथे हा पायऱ्या पाडतो, तेच ते पट्टे. भिंत खडबडीत असती, तर त्या लपल्या तरी असत्या."

"म्हणजे रंगाऱ्याने काम चांगलं केलं, म्हणून ओल वाढली?" ग्रंथपालांनी विचारले.

"अगदी! थांबा, माझा दहा बिटचा आणतो. याच्या एका छटेच्या जागी माझ्याकडे चार."

त्याने आपला मोठा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. ग्रंथपाल भिंतीपुढे बसले.  "ही भिंत," एवढेच म्हणून त्यांनी तिच्याकडे हात केला. शूटिंगवाल्याने ते चित्रण जसेच्या तसे मुलीला पाठवले.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"बघितलं, बाबा. भिंत छान आहे."

"मग आता आम्ही यायला नको ना?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

ग्रंथपाल ओशाळले. "हळूहळूच झालो गं," ते म्हणाले. "एकदम नाही."

शेजारून ऐकणारा शूटिंगवाला त्यांच्या कानाशी कुजबुजला, "काका, तुमचा कॅमेरा चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बारीकसारीक सगळं पुसून टाकतो. त्यात सुरकुत्याही गेल्या होत्या."

"सामान बांधू नका," मुलगी म्हणत होती. "तुमचं घर सोडून कुठे जायचं नाही. मीच येते. चांगली महिनाभर राहते."

फोन ठेवून ग्रंथपाल खुर्चीत बसले. तोंडभर हसू होते आणि त्यात थोडी भीतीही.

"अगं, ती येतेय. आता अगदी जवळून बघणार."

"मग दाढी करून घ्या," बायको म्हणाली. बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या केसांवरून फिरला आणि ती शूटिंगवाल्याकडे वळली. "काय रे, तुझ्या शूटिंगमध्ये मी नव्हते ना?"

"होतात की, काकू. मागे दारात उभ्या होतात."

"अगंबाई!" म्हणत ती आरशाकडे धावली.