सात पौंडांच्या आत

आमच्या मोंटानातल्या हलकी-रायफल मंडळाचा चिटणीस या नात्याने मी नमूद करतो की, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सभासद वेंडेल स्टकी यांनी आपल्या गॅरेजमध्ये एका निरपराध रायफलीची नळी करवतीने कापली. रायफल कुठल्याशा परदेशी सैन्याने मोडीत काढलेली, नऊ पौंडांची, ग्रीसने माखलेली. त्यांनी जोडीच आणली होती. एक कापायला आणि दुसरी लागलेच तर सुट्या भागांसाठी.

प्रसंगच तसा होता. एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचा परवाना आमच्याकडे सोडतीत निघतो. वेंडेलचे नाव अकरा वर्षांनी निघाले होते. त्याची बायको लोरेटा हिने गंमत म्हणून पहिल्यांदाच अर्ज केला, तर तिचेही निघाले. हंगाम पाच आठवड्यांचा. वेंडेल बासष्ट वर्षांचा, त्यामुळे हा हुकला तर पुढचा कोणी पाहिलाय?

"डोंगर चढायचा तर रायफल हलकी हवी," तो म्हणाला.

"अरे, मग पोट उतरव ना दोन पौंड! त्याला करवत लागत नाही," लोरेटा म्हणाली.

"पोटाला नियमावली नाही, लोरेटा."

रायफलीला होती, आणि ती मीच लिहिली आहे. सात पौंडांच्या आत असेल तर ती ‘स्काउट कार्बाइन’, म्हणजे टेहळ्याची आखूड रायफल. एक औंस जरी वर गेला, तर नुसते लोखंड.

वेंडेलने नळी आखूड केली, लाकडी दस्ता तासला आणि पावणेसात पौंडांची रायफल घेऊन धावतच मंडळात आला. अध्यक्ष फ्लॉइड एमंडसन यांनी ती काट्यावर तोलली.

"वा! पण दुर्बीण कुठाय? पट्टा? नळी टेकवायची दुपायी घोडी? दस्त्यात जादा काडतुसं? एवढं नसेल तर स्काउट कसली, काठीच की ही!"

एवढे सगळे बसवल्यावर वजन सव्वानऊ पौंड भरले. वेंडेलचा चेहरा पाहून मला भडभडून आले, पण नियम म्हणजे नियम.

मग त्याने दस्ता आतून पोखरला. लोखंडाला जागा मिळेल तिथे भोके पाडली. पट्ट्याऐवजी बुटाची नाडी बांधली आणि घोडीचा एक पाय उडवला. वारा सुटला की रायफल शीळ घालू लागली. चौथ्या आठवड्यात काटा सात पौंडांना अर्धा औंस कमी दाखवून थांबला. टाळ्या पडल्या. वेंडेल रडला, मीही रडलो.

मग कलम चौदा आले. प्रमाणित रायफलीवर मंडळाचा पितळी बिल्ला ठोकावा. बिल्ला दोन औंसांचा.

"फ्लॉइड, आता ही सातच्या वर गेली रे!"

"मग प्रमाणपत्र रद्द. बिल्ला काढ."

काढला.

"बसली सातात! अभिनंदन. आता बिल्ला लाव."

हे नऊ वेळा झाले. बाहेर बर्फ पडू लागले. हंगामाच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहावी बैठक चालू असताना लोरेटा शिकाऱ्यांचे केशरी जाकीट घालून दारात उभी राहिली. खांद्यावर ती दुसरी रायफल होती.

"मी जाऊन येते."

"अगं, नऊ पौंडांची आहे ती! खांदा निखळेल!"

"तीन पोरं कडेवर वागवलीत मी, वेंडेल."

दिवस मावळताना तिची पिकअप परतली. मागे चार भाग करून एल्क.

वेंडेलने पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

"याचं सहाशे. रायफलीचं बघायला वेळच नाही झाला बघ."

मंडळाने एकमताने ठराव केला की, अप्रमाणित रायफलीने पडलेला एल्क पडला असे मानता येत नाही. ठराव लिहिताना आम्ही त्याचेच भाजलेले मांस खात होतो. वेंडेलने घासही घेतला नाही. तो गॅरेजात बसून बिल्ल्याला भोके पाडत होता.

हसताय? आमच्या सभासदत्वाची अट एकच आहे. ‘आधी नीट करून घेऊ, मग वापरू’ असे म्हणत घरात एखादी वस्तू पडून असली पाहिजे. तुमचे नाव मी यादीत चढवले आहे. बिल्ला टपालाने येईल, ठोकायची जागा तेवढी पाहून ठेवा.