नमुना नंबर तीन

गजेंद्रला यंदा नोकरी लागणारच होती! खुद्द गजेंद्रच हे लिंबायत वस्तीच्या गल्लीबोळांतून सांगत हिंडत होता. जवळच्याच सचिन गावातल्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलला क्लार्क हवा होता, आणि हा पठ्ठ्या कॉम्प्युटरवर छापलेला बायोडाटा देणार होता! हाताने अर्ज खरडणारे आता घरी बसा!

त्याचे वडील बन्सीलाल कापड विणायचा लूम चालवून अर्धे बहिरे आणि पुरते फटकळ झाले होते. "नोकरी नही भेटनी ते सोमवारपाईन मनासंगे लूमवर!" त्यांनी बजावलं. लूमच्या खडखडाटाने गजेंद्रचं डोकं ठणकायचं. त्यातून बी.कॉम. झालेला पोरगा! त्याने तडक योगराजचं दुकान गाठलं.

योगराज गल्लीतलाच, पण दुकानात कॉम्प्युटर आल्यापासून शुद्ध मराठी बोलायचा. त्याने नमुन्यांची फाइल पुढे सरकवली.

"नंबर एक साधा आहे. नंबर दोनला गुलाबाची वेल, जरा लग्नपत्रिकेसारखा वाटतो. आणि हा नंबर तीन! दुहेरी चौकट, जाड अक्षर. हा ज्याचा होता तो दुबईला गेला!"

"मग तीनच!"

"फक्त नाव, पत्ता, जन्मतारीख बदलू. बाकी मजकूर पास झालेला आहे, त्याला हात लावायचा नाही!"

मजकूर होता झाडून सगळा इंग्रजीत. गजेंद्रने तो वाचला नाही, नुसता डोळे भरून पाहिला. चौकट फारच झोकदार होती!

निघताना वडिलांनी कानमंत्र दिला. "शेठ काय बी इचारो, तू हा म्हन!"

मिलच्या बाकावर लिंबायतचीच चार-पाच पोरं बसलेली. एकेक आत जाई आणि पडेल चेहऱ्याने बाहेर येई. गजेंद्र मनात म्हणाला, बिचारे! यांच्याकडे चौकट नसणार!

गुजराती शेठनी त्याचा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. टेबलावर तसल्याच दुहेरी चौकटींचा ढीग पडला होता.

"तमे पण स्विमिंग चॅम्पियन?"

"हा शेठ!"

"आखुं लिंबायत तरे छे के शुं?"

"हा शेठ!"

लिंबायतमध्ये दुसरी बादली भरायच्या आत नळ जातो, तिथे अख्खं लिंबायत पोहणार कुठे? पण वडिलांचा शब्द म्हणजे शब्द!

शेठ खो खो हसत त्याला मागच्या हौदापाशी घेऊन गेले. "चालो, चॅम्पियन, बतावो!"

"हा शेठ!" गजेंद्र म्हणाला आणि हौदाच्या काठावर चढला.

"रहेवा दो भाई, मजाक करतो हतो!" शेठ म्हणाले. पण तोवर गजेंद्रच्या डोळ्यांपुढे सोमवार आणि लूम उभे राहिले होते. त्याने डोळे मिटले, बाप्पाचं नाव घेतलं आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी उडी ठोकली!

"मेलो! वाचवा! आई गं!"

वॉचमन लक्ष्मण मराठवाड्याचा. तो काठावरून शांतपणे म्हणाला, "आरं, उभा ऱ्हाय की लेका!"

गजेंद्र उभा राहिला. पाणी कमरेएवढं होतं. आणि ते नुसतं पाणी नव्हतं, त्यात साड्यांचा पिवळा रंग कालवलेला होता!

"आ बायोडाटा कोणे बनाव्यो?" शेठनी हसू आवरत विचारलं. गजेंद्रने दात ओठ खात योगराजचं नाव सांगून टाकलं. बुडायचंच तर एकट्याने का?

गल्लीत शिरताच शेजारच्या उषाबाई कडाडल्या, "धुरपदाबाई! पोऱ्याले हयद लागनी आन आम्हले आवतन बी नही?"

आई धावत बाहेर आली. नखशिखांत हळदीसारखा पिवळा लेक पाहून तिने हंबरडाच फोडला. "कोन से ती? आम्हले इचारं बी नही!" ती कोणी नाही, मिल आहे, हे पटवून देता देता गजेंद्रला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी योगराजला बोलावून घेतलं. बरी खोड मोडेल, म्हणून गजेंद्र चौकात मजेत उभा राहिला. संध्याकाळी योगराज पेढे घेऊनच उगवला! शेठना म्हणे कॉम्प्युटरवाला माणूस हवाच होता. आणि बायोडाटा? तो त्याने वहीच्या पानावर हाताने लिहून नेला होता!

"मग माझं काय?" गजेंद्रने विचारलं. सोमवार तोंडावर आला होता.

योगराजने खिशातून किल्ली काढली. "दुकानात बैस. बोटं चालव, आपोआप येईल."

सोमवारी बन्सीलाल एकटेच लूमवर गेले. गजेंद्र अंगावरचा पिवळेपणा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसला. आधी त्याने नमुना नंबर तीन उघडला. पुन्हा कुण्या आईच्या लेकरावर अशी पाळी येऊ नये! शोधून शोधून त्याने ते स्विमिंग पुसलं आणि त्या जागी निर्धास्तपणे घोडेस्वारी टाकली.

आता मिलमध्ये घोडा कुठून येणार?