पवनारची रेसिंग टीम

सकाळपासून चंदनचा एक पाय शोरूमच्या आत होता आणि एक बाहेर. पुण्याचे साहेब नागपूरहून निघाले होते, आणि साहेबांना दाखवायची रेसिंग टीम अजून कडबा खात होती.

हे त्याने स्वतःच्या तोंडानेच ओढवून घेतलं होतं. कंपनीने तिकडे परदेशात कुठल्याशा रेसिंग टीमशी भागीदारी करून हायब्रिड इंजिन तयार केलं. थोडं पेट्रोलवर, थोडं बॅटरीवर. मग वरून फर्मान आलं, की प्रत्येक शोरूमने आपल्या भागातल्या रेसिंग टीमशी हातमिळवणी करावी आणि फोटो पाठवावेत. वर्ध्यात कुठली आली रेसिंग टीम? मॅनेजर राकेशने मीटिंगमध्ये सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी टेबलाकडे. चंदनची नोकरी अजून पक्की व्हायची होती. आज नाही तर कधीच नाही, असं वाटून तो बोलून गेला, "हाये सर एक टीम. जिल्ह्यात तिच्यासमोर कोणी टिकत नाई."

टीम म्हणजे आपल्या सासऱ्यांची शंकरपटात धावणारी बैलजोडी, हे त्याने राकेशला नंतर कोपऱ्यात नेऊन सांगितलं. राकेश मटकन खाली बसला. पुण्याला कळवून झालं होतं, आणि पुण्याचे साहेब इतके खूश झाले होते की स्वतःच यायला निघाले होते.

चंदन नवी हायब्रिड गाडी घेऊन पवनारला पोचला, तेव्हा भैय्याजी सरावाच्या पटावर बादल आणि तुफानच्या पाठीवरून हात फिरवत होते. जावयाला त्यांनी मानेनेच या म्हटलं.

"जवाईबापू, गाडी आणली थे ठीक. पण जोडीच्या मांगं नका उभी करू."

"काऊन जी, मामाजी?"

"सरावाले आमी मांगून बुलेट चालू करतो. मांगं इंजिन वाजलं का हे दोघं थांबत नाईत. मंग छकड्यावर कोणी असो का नसो."

"हे गाडी वाजतच नाई, मामाजी. हायब्रिड हाये."

"बंद हाये का?"

"चालू हाये ना."

भैय्याजींनी बॉनेटला कान लावला, बराच वेळ लावला. "बंद हाये," ते म्हणाले आणि बैलांकडे वळले.

तेवढ्यात राकेश साहेबांना घेऊन आला. साहेबांनी पटाकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं, मग चंदनकडे.

"टीम कुठंय?"

"हीच सर," चंदन म्हणाला. आणि त्याने बादल-तुफानकडे बोट केलं.

साहेब बैलांकडे बघत राहिले. "तुमच्या नोकरीचं आपण पुण्याला गेल्यावर बघू," असं शांतपणे म्हणून ते चंदनने आणलेल्या हायब्रिड गाडीत जाऊन बसले. ऊन रणरणत होतं. त्यांनी एसी पूर्ण सोडला, दारं उघडी टाकली आणि फोनवर कुणाला तरी वर्धा जिल्ह्याबद्दल बरंच काही ऐकवलं. बाहेर चंदन शर्टाची बाही वर करत होता, खाली करत होता.

फोन झाल्यावर साहेब थोडे निवळले. आलोच आहोत तर एक फोटो काढून टाकू, म्हणाले. मी छकड्यावर, हातात कासरा, आणि मागे आपली गाडी. परत येऊन बसायचं म्हणून एसी तसाच राहू दिला. भैय्याजींनी जावयाकडे पाहिलं.

"आवाज नाई ना?"

"नाई जी."

साहेब छकड्यावर चढले. राकेशने मोबाइल वर धरला. इकडे उघड्या दारांतून अख्खं रान थंड करता करता बॅटरी उतरत आली होती, आणि अशा वेळी इंजिनाने जे करावं म्हणून कंपनीने एवढी भागीदारी केली होती, ते त्याने केलं. ते आपणहून सुरू झालं.

जोडी सुटली. साहेबही सुटले, पण छकड्यासकट. चंदनला काही सुचेना. त्याने गाडीत उडी मारली आणि त्यांना अडवायला ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन आणखी मोठ्याने वाजलं, बैल आणखी जोरात धावले. तो जितका जवळ जाई, तितके साहेब लांब जात. मागून राकेश ओरडत होता, "अबे, बंद कर," पण त्या आवाजात ते ऐकतो कोण.

पट संपला की थांबायचं, हे जोडीला शिकवलेलं होतं, म्हणून साहेब वाचले. ते खाली उतरले आणि ढेकळात बसले. कासरा हातातून सुटत नव्हता. चंदन समोर हात जोडून उभा राहिला. शोरूममधल्या आपल्या खुर्चीवर उद्या कोण बसेल, इथवर त्याचा विचार पोचला होता.

"जवाईबापू." धापा टाकत भैय्याजी आले. सवयीने त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं होतं, आणि आता ते डोळ्यांपासून दूर हलवत नव्हते. "असे तं हे जन्मात पळले नाईत. मले हे गाडी पाह्यजे."

"बसाले?"

"बसाले काऊन? सरावाले. बुलेट त्याईच्या अंगवळणी पडली. हे कवा वाजन थे तुमालेच ठाऊक नाई, मंग त्याईले कसं ठाऊक राहीन?"

राकेशने ढेकळातच बुकिंग घेतलं. महिनाभरात विकली गेलेली ती पहिली हायब्रिड. साहेब पाणी प्यायले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू कंपनीच्या माणसासारखा दिसू लागला.

"पण मले चालवता येत नाई, साहेब," भैय्याजी म्हणाले. "गाडीसंगं माणूस भेटन का?"

साहेबांनी चंदनकडे बोट केलं. "हा न्या. कंपनीतर्फे. कायमचा."

चंदनची नोकरी तिथेच पक्की झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो टाय लावून पटावर हजर होता. एसी पूर्ण सोडून, दारं उघडी टाकून तो बादल-तुफानच्या मागे बसला होता, आणि इंजिन आता वाजेल की मग वाजेल, म्हणून तिघांचेही कान टवकारलेले होते.